विमानाचा कायदा आणि वावरातला ड्रोन

संक्रांतीला पोरं गच्चीवर जो पतंग उडवतात, तो कायद्याच्या नजरेत 'विमान' आहे, असं कुणी म्हटलं तर आपण हसूच ना! पण मैत्रिणींनो, हे अगदी खरं आहे. आपल्या देशातल्या १९३४ च्या विमान कायद्यात विमानाची व्याख्या दिली होती. हवेच्या प्रतिक्रियेतून वातावरणात आधार मिळवू शकणारं कोणतंही यंत्र म्हणजे विमान, असा तिचा अर्थ. बांधलेला किंवा मोकळा सोडलेला फुगा, ग्लायडर, उडणारं यंत्र आणि हो, पतंगसुद्धा! इंग्रजांच्या काळातला तो कायदा नव्वद वर्षं चालला. त्याची जागा आता 'भारतीय वायुयान अधिनियम, २०२४' ने घेतली आहे. १ जानेवारी २०२५ पासून तो लागू झाला. आपल्याकडे विमान म्हटलं की तुकोबांना न्यायला आलेलं विमान, नाहीतर रामाचं पुष्पक. सरकारने मात्र 'वायुयान' हा शब्द निवडला. असो.

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला विमानाच्या कायद्याशी काय देणंघेणं? आमच्या यवतमाळात साधी रेल्वे धड नाही. शकुंतला गेली, वर्ध्याहून येणारी नवी लाइन २०२४ मध्ये कळंबपर्यंत पोहोचली, आणि तुम्ही विमानाच्या गोष्टी सांगता! खरंय. पण जरा आपल्या गल्लीतलीच घरं मोजून पाहा. कुणाची लेक बंगळुरूला, कुणाचा मुलगा पुण्याला, कुणाचा जावई दुबईला, कुणाची सून अमेरिकेत. लेकीचं बाळंतपण आलं की आई निघते, आणि आता ती नागपूरहून विमानानेच निघते. १६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचं विमान सुरू झालं. उमरखेड-पुसदकडच्या बायकांना नांदेड जवळ पडतं. 'उडान' योजनेची पहिली विमानं २७ एप्रिल २०१७ ला निघाली, त्यात नांदेड-हैदराबादही होतं. म्हणजे विमान आपल्यापर्यंत आलंय. त्याच्यासोबत येणारे शब्द मात्र अजून आलेले नाहीत, आणि शब्द ठाऊक नसले की नुकसान आपलंच होतं.

आमच्या बचत गटांच्या ओळखीतल्या दारव्ह्याकडच्या एक ताई आहेत. लेकीच्या पहिल्या बाळंतपणासाठी बंगळुरूला निघाल्या होत्या. दोन तास आधी पोहोचल्या, तिकीट पक्कं होतं. काउंटरवरच्या मुलीने गोड आवाजात सांगितलं, विमान फुल्ल झालंय, तुम्हाला उद्या सकाळच्या विमानात बसवतो. ताई रात्रभर खुर्चीवर बसून राहिल्या. नातू रात्रीच झाला. मी विचारलं, तुम्ही काहीच बोलला नाहीत? तर म्हणाल्या, "त्याईनं सांगतलं का विमान फुल झालं. मले वाटलं, यष्टीसारखंच असन. पुढच्या गाडीनं जा. मी काऊन भांडू?"

एसटी आणि विमान यांत फरक इथेच आहे. विमानाचं तिकीट हा करार असतो. तुमचं नाव, तारीख, विमानाचा नंबर आणि सीट देण्याचं वचन त्यात असतं. त्या सहा अक्षरी पीएनआर नंबराखाली हा करार नोंदलेला असतो. विमान कंपन्या कधी कधी सीटांपेक्षा जास्त तिकिटं विकतात, कारण काही प्रवासी येतच नाहीत हा त्यांचा अनुभव. याला 'ओव्हरबुकिंग' म्हणतात. न येणाऱ्या प्रवाशाला 'नो शो' म्हणतात. पण सगळेच आले तर? मग वेळेत आलेल्या कुणाला तरी चढू दिलं जात नाही. याचं कायद्यातलं नाव 'डिनाइड बोर्डिंग', म्हणजे प्रवेश नाकारणे. हे दोन शब्द ताईंना ठाऊक असते, तर ती रात्र तशी गेली नसती.

नियम काय सांगतो? कंपनीने आधी स्वखुशीने मागे राहायला कोण तयार आहे, हे प्रवाशांना विचारायचं. कुणी तयार नसेल आणि तुम्हाला तुमच्या इच्छेविरुद्ध थांबवलं, तर मूळ वेळेपासून एका तासात सुटणाऱ्या दुसऱ्या विमानात बसवल्यास भरपाई नाही. चोवीस तासांच्या आत सुटणारं विमान दिलं तर एका बाजूच्या मूळ भाड्याच्या आणि इंधन आकाराच्या दुप्पट, पण १०,००० रुपयांपर्यंत. चोवीस तासांच्या पुढे गेलं तर चौपट, २०,००० रुपयांपर्यंत. आणि तुम्ही म्हणालात, नको तुमचं दुसरं विमान, तर तिकिटाचे पूर्ण पैसे परत आणि वर चौपट भरपाई, तीही २०,००० पर्यंत. हा नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, ज्याला सगळे डीजीसीए म्हणतात. ताईंच्या भाच्याने नंतर पीएनआर टाकून कंपनीला मेल केला, उत्तर आलं नाही म्हणून सरकारच्या 'एअरसेवा' वर तक्रार टाकली. काही आठवड्यांनी पैसे खात्यात आले. नातवाचं पहिलं रडणं काही आलं नाही, ते सोडा.

विमान रद्द झालं तर? इथे 'किती आधी सांगितलं' हा मुद्दा. निदान दोन आठवडे आधी कळवून दुसरं विमान किंवा पैसे परत दिले, तर वेगळी भरपाई नाही. आयत्या वेळी रद्द केलं, तर उड्डाण किती लांबीचं यावर ५,०००, ७,५०० किंवा १०,००० रुपये, आणि मूळ भाडं त्याहून कमी असेल तर तेवढंच. उड्डाणाच्या लांबीला इथे 'ब्लॉक टाइम' म्हणतात, तासाभराचं, दोन तासांपर्यंतचं, त्याहून मोठं, असे तीन टप्पे. उशीर झाला तर छोट्या उड्डाणाला दोन तासांनंतर चहा-नाश्ता देणं कंपनीवर बंधनकारक. सहा तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे, निवड तुमची. रात्री आठ ते पहाटे तीन या वेळेतलं विमान सहा तासांहून जास्त लांबलं तर हॉटेलची सोय कंपनीने करायची. चोवीस तासांहून जास्त उशिरालाही तेच. लोखंडी खुर्चीवर पदर डोक्याखाली घेऊन झोपायची वेळ आलेल्या कितीतरी बायका मी पाहिल्यात, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

पण या सगळ्याला एक मोठी पळवाट आहे. तिचं नाव 'असाधारण परिस्थिती'. पूर, धुकं, दंगल, संप, सुरक्षेचा धोका, हवाई वाहतूक नियंत्रकांचा आदेश अशी कारणं कंपनीच्या हाताबाहेरची असतील, तर भरपाई मिळत नाही. काउंटरवर पहिलं उत्तर बहुधा हेच मिळतं. अशा वेळी शांतपणे म्हणायचं, कारण लेखी द्या. बस्स. लेखी म्हटलं की पुष्कळदा सूर बदलतो.

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, ते आठवतं ना? बॅगांचे डोंगर आणि रडकुंडीला आलेली माणसं टीव्हीवर आपण पाहिली. त्यामागे एक शब्द होता, 'एफडीटीएल', म्हणजे वैमानिकांच्या ड्युटीच्या वेळेची मर्यादा. वैमानिक थकलेला असू नये म्हणून त्याची आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तास केली गेली, रात्रीच्या उतरण्यांची संख्या सहावरून दोनवर आणली. दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. नियम नवा नव्हता, जवळपास दोन वर्षं आधी जाहीर झालेला होता. कंपनीकडे त्या हिशेबाने वैमानिक नव्हते. सरकारने मग काही नियमांतून तात्पुरती सूट दिली, आणि बाकीच्यांनी भाडी वाढवू नयेत म्हणून कमाल भाडं ठरवून दिलं, ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये. मला विचाराल तर सूट देण्याचं मनाला पटलं नाही. एसटीचा ड्रायव्हर दोन रात्री जागा असेल तर आपण त्या गाडीत लेकराला बसवू का?

पैसे परत मिळण्याबाबतही एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. तिकिटावर दोन प्रकारचे आकडे असतात. एक मूळ भाडं आणि इंधन आकार, दुसरे सरकारी कर आणि विमानतळाचे आकार, त्यात 'यूडीएफ' म्हणजे वापरकर्ता विकास शुल्क येतं. तुम्ही तिकीट रद्द केलं, अगदी गेलाच नाहीत, आणि तिकिटावर 'नॉन रिफंडेबल' लिहिलेलं असलं, तरी दुसऱ्या प्रकारचे पैसे परत करावेच लागतात. रद्द करण्याचा आकार मूळ भाडं अधिक इंधन आकार यांच्यापेक्षा जास्त लावता येत नाही. आणि 'तुमचे पैसे आमच्याकडे जमा ठेवतो, पुढच्या वेळी वापरा' असं कंपनी म्हणाली, तर ते मान्य करायचं की नाही हा तुमचा अधिकार. तिकीट बसस्टँडजवळच्या एजंटाकडून काढलं असलं, तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीवरच असते. एजंट म्हणाला 'ते आमच्या हातात नाही', तर त्याला हे सांगा.

आता बॅगेची गोष्ट, आपला खास विषय! लेकीकडे जाताना आपली बॅग म्हणजे अर्धं किराणा दुकान. सांडगे, कुरड्या, तिखट, लोणचं, खोबरं. या बॅगेवर दोन वेगळ्या कचेऱ्यांची नजर असते. बॉम्ब-शस्त्रं-सुरक्षा हे पाहणारी 'बीसीएएस', म्हणजे नागरी विमान सुरक्षा ब्यूरो. आणि काय पेटू शकतं, काय फुटू शकतं, ते पाहणारं डीजीसीए. लाल तिखट हातातल्या बॅगेत चालत नाही, कारण ते कुणाच्या डोळ्यात टाकता येतं. सुकं खोबरं तर कोणत्याच बॅगेत नको, तेलामुळे ते पेट घेणाऱ्या पदार्थांत धरलं जातं. आणि मोबाइल चार्ज करायची पॉवर बँक नेमकी उलटी, ती मोठ्या बॅगेत चालत नाही, हातातल्या बॅगेतच. परदेशच्या विमानात हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरपेक्षा मोठी तेला-तुपाची बाटली नको. २०२४ च्या शबरीमला यात्रेच्या हंगामात भाविकांना नारळ सोबत नेण्याची खास परवानगी बीसीएएसने ठरावीक काळापुरती दिली होती. म्हणजे नियम दगडावरचे नाहीत, लेखी आदेशाने सूट मिळते. काउंटरवरच्या माणसाच्या मर्जीने मात्र मिळत नाही.

बॅग आलीच नाही किंवा फाटून आली तर पट्ट्याजवळच्याच काउंटरवर तक्रारीचा कागद भरायचा. त्याला 'पीआयआर' म्हणतात. घरी जाऊन मग बघू, असं करू नका. आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार बॅगेचं नुकसान झालं असेल तर सात दिवसांत, उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून एकवीस दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. एकवीस दिवसांत बॅग आलीच नाही, तर ती हरवली असं धरून भरपाई मागता येते. देशातल्या प्रवासात बॅगेच्या भरपाईची मर्यादा एका प्रवाशाला २०,००० रुपये. म्हणून दागिने मोठ्या बॅगेत कधीच ठेवायचे नाहीत. मंगळसूत्र गळ्यात, बाकीचं हातातल्या पर्समध्ये.

परदेशच्या प्रवासाला वेगळा कायदा लागतो, आणि 'परदेशचा प्रवास' या शब्दातच गंमत आहे. समजा नागपूर ते मुंबई आणि मुंबई ते दुबई असं एकाच तिकिटावर काढलं. तर नागपूर-मुंबई हा तुकडासुद्धा कायद्याने 'आंतरराष्ट्रीय वाहतूक' ठरतो. तिकिटं वेगवेगळी, परस्परांशी संबंध नसलेली काढली, तर पहिला तुकडा देशांतर्गत. दोन-चारशे रुपये वाचवायला वेगळी तिकिटं काढताना हे लक्षात असू द्या. पहिलं विमान उशिरा आलं म्हणून दुसरं चुकलं, तर दुसऱ्या कंपनीला त्याचं काहीच नसतं.

या आंतरराष्ट्रीय वाहतुकीला 'माँट्रियल करार' लागू होतो. १९९९ चा हा करार भारताने २००९ मध्ये स्वीकारला. त्यातल्या भरपाईचे आकडे रुपयांत किंवा डॉलरमध्ये नसतात, 'एसडीआर' नावाच्या हिशेबी चलनात असतात. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी त्याचा भाव ठरवते. २८ डिसेंबर २०२४ पासून करारातली बॅगेची मर्यादा १,५१९ एसडीआर झाली, रुपयांत पावणेदोन लाखांच्या आगेमागे. आणि माणूस गेला तर? १,५१,८८० एसडीआरपर्यंत कंपनीला 'आमची चूक नव्हती' असं म्हणताच येत नाही. त्याच्या वरची रक्कम मागितली तर चूक नव्हती हे कंपनीने सिद्ध करायचं.

१२ जून २०२५ ला अहमदाबादला एअर इंडियाचं लंडनला निघालेलं विमान कोसळलं, तेव्हा हे सगळे कोरडे शब्द अचानक जिवंत झाले. विमानातल्या २४२ पैकी २४१ गेले, जमिनीवरचेही गेले, एकूण २६०. विमानाचे कॅप्टन मुंबईचे होते. ज्यांची माणसं विमानात होती, त्यांना माँट्रियल करार लागू. पण जी मुलं वसतिगृहाच्या मेसमध्ये जेवत होती, त्यांच्या आईवडिलांना हा करार लागू नाही, कारण ती प्रवासी नव्हती. एकच अपघात, एकच आग, आणि कायद्याची दारं दोन. दिलेला मदतनिधी वेगळा आणि कायद्याने देणं असलेली भरपाई वेगळी, हाही फरक तेव्हा कित्येकांना पहिल्यांदा कळला. मदतनिधी घेतला म्हणून भरपाईचा हक्क जात नाही, मात्र सही करताना कागदावर काय लिहिलंय ते वाचून घ्यावं. दावा करायला मुदत दोन वर्षांची.

त्या अपघाताचा तपास 'एएआयबी', म्हणजे विमान अपघात अन्वेषण ब्यूरोकडे गेला. महिन्याभराने, १२ जुलैला त्यांचा प्राथमिक अहवाल आला आणि चर्चेला उधाण आलं. इंधनाची बटणं बंद स्थितीत गेली एवढं त्यात होतं. लगेच लोक निकाल देऊन मोकळे! पण या तपासाचा उद्देशच वेगळा असतो. पुन्हा असा अपघात होऊ नये म्हणून कारण शोधणं, दोषी ठरवणं नाही. ते काम पोलिसांचं आणि कोर्टाचं.

तीन नावं आता तुमच्या ओळखीची झाली. डीजीसीए म्हणजे जणू विमानांचं आरटीओ, परवाने देणारं आणि नियम करणारं. बीसीएएस सुरक्षेचं. एएआयबी अपघाताचं. आपल्या गाडीवर जसं एमएच २९ असतं, तसं प्रत्येक भारतीय विमानावर 'व्हीटी' ही अक्षरं असतात. विमानाला राष्ट्रीयत्व असतं, ते नोंदणीने मिळतं, आणि हे १९४४ च्या शिकागो करारात ठरलं. त्याच कराराचं पहिलं कलम सांगतं की देशाच्या डोक्यावरच्या आकाशावर त्या देशाचीच सत्ता. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामनंतर पाकिस्तानने आपलं आकाश आपल्या विमानांना बंद केलं आणि दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या विमानांना वळसा पडला, तो याच कलमाच्या जोरावर.

विमानात भांडलं तर काय होतं, हेही एकदा सांगून टाकते. मार्च २०१७ मध्ये उस्मानाबादच्या तेव्हाच्या खासदारांनी विमान कंपनीच्या कर्मचाऱ्याला चपलेने मारल्याचं प्रकरण देशभर गाजलं. त्यानंतर त्याच वर्षी 'नो फ्लाय लिस्ट' चे नियम आले. शिवीगाळीला तीन महिन्यांपर्यंत बंदी, अंगावर हात टाकला तर सहा महिन्यांपर्यंत, जिवाला धोका होईल असं वागलं तर दोन वर्षं किंवा त्याहून जास्त. तेव्हा हक्क मागा, पण आवाज खाली ठेवून. काउंटरवर दाद नाही मिळाली तर एअरसेवा आहे, ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि यवतमाळचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक कायद्याने आपण जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते. कंपनीचं मुख्य कार्यालय दिल्लीकडे असलं तरी तिला यवतमाळला यावं लागतं. मुदत दोन वर्षं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

भारीच्या विमानतळाबद्दल न लिहिता पुढे गेले तर यवतमाळकर मला घरात घेणार नाहीत! धावपट्टी आहे, कुंपण आहे, पाटी आहे, रोजचं प्रवासी विमान नाही. २००९ मध्ये औद्योगिक विकास महामंडळाने यवतमाळ, नांदेड, लातूर, बारामती, उस्मानाबाद ही पाच विमानतळं रिलायन्स गटाच्या कंपनीला ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. पट्टा हा एक कागद. धावपट्टीवर प्रवासी विमान उतरायला डीजीसीएचा विमानतळ परवाना हा दुसरा. वेळापत्रकाने विमान चालवणारी 'शेड्यूल्ड' कंपनी तयार होणं हे तिसरं. नेत्यांची, उद्योगपतींची छोटी विमानं येतात ती 'नॉन शेड्यूल्ड', म्हणजे आपल्या भाषेत स्पेशल गाडी. बेलोऱ्याला धावपट्टी १,८५० मीटर झाली, परवाना आला, उडानमध्ये कंपनी आली, म्हणून ७२ सीटांचं विमान उतरलं. पुढच्या वेळी कुणी व्यासपीठावरून 'लवकरच यवतमाळातून विमान' म्हणालं, तर विचारायचं, यातला कोणता कागद झाला?

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, तो भाग. २०१७ चा तो पावसाळा आपल्यापैकी कुणी विसरलं नसेल. कपाशी डोक्याएवढी झाली होती, फवारणी करता करता औषध नाका-तोंडात गेलं, आणि आपल्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले. सरकारी दवाखान्यात डोळे बांधून बसलेली माणसं मी पाहिली. पंप पाठीवर घेणारा पुरुष असतो, पण ड्रममध्ये औषध कालवणारी, पाणी वाहणारी आणि ते कपडे रात्री हाताने धुणारी बाई असते, हे बातमीत येत नाही.

म्हणून २०२३ मध्ये केंद्राने 'नमो ड्रोन दीदी' योजना मंजूर केली तेव्हा मी कान टवकारले. देशातल्या १५,००० महिला बचत गटांना ड्रोन, किमतीच्या ८० टक्के अनुदान, ८ लाखांपर्यंत. फवारणारी बाई औषधाच्या धुरात नाही, बांधावर उभी! आणि गटातल्या बाईला कळत नाही तरी ती त्या क्षणापासून नागरी विमान कायद्याखाली येते. कारण ड्रोन हे 'विमान', आणि ती 'रिमोट पायलट'. दहावी पास, वय १८ ते ६५, डीजीसीएने मान्य केलेल्या संस्थेत प्रशिक्षण, मग प्रमाणपत्र. योजनेतलं प्रशिक्षण पंधरा दिवसांचं, पाच दिवस उडवण्याचं आणि दहा दिवस शेतीकामाचं. हे प्रमाणपत्र तिच्या स्वतःच्या नावावर असतं. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईच्या नावावर पायलटचा कागद, मला तरी फार आवडलं हे.

२०२१ च्या ड्रोन नियमांत शब्द सोपे आहेत. वजनावरून जात ठरते. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, दोन किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल. दहा लिटरच्या टाकीचा फवारणीचा ड्रोन बहुतेक या 'स्मॉल' मध्ये बसतो, म्हणून त्याला प्रमाणपत्र लागतंच. प्रत्येक ड्रोनला 'यूआयएन' हा नंबर लागतो, गाडीच्या पासिंगसारखा. आकाशाचे तीन रंग आहेत, हिरवा, पिवळा, लाल. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत परवानगीशिवाय, चालू विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच. पिवळ्यात नियंत्रकांची परवानगी, लालमध्ये केंद्र सरकारची. फवारणी पिकावर दहा-बारा फुटांवरून होते, त्यामुळे उंचीची भीती नाही, पण आज आपलं शिवार कोणत्या रंगात आहे ते 'डिजिटल स्काय' च्या नकाशावर उडवण्याआधी पाहायचं. ड्रोन डोळ्यांना दिसेल एवढ्याच अंतरावर ठेवायचा. नियम मोडला तर दंड एक लाखापर्यंत. कोणतं कीटकनाशक ड्रोनने मारायचं याला शेती खात्याची मान्यता वेगळी लागते, दुकानदार म्हणाला म्हणून टाकीत ओतायचं नाही. आणि लग्नात नवरदेवाच्या डोक्यावर घिरट्या घालणाऱ्या फोटोग्राफरलाही हेच नियम लागू, त्यालाही एकदा विचारा नंबर कुठाय म्हणून!

मागच्या हंगामात घाटंजीकडच्या एका गटाच्या बैठकीत मी हे सगळं सांगत होते. बायका ऐकत होत्या, माना हलवत होत्या. शेवटी मागे बसलेल्या एका आजींनी विचारलं, "अवं ताई, ते मशीन बाजूच्याच्या वावरात पडलं, कोनाच्या बैलावर पडलं, त भरून कोन देईन?"

सगळ्यात कामाचा प्रश्न त्यांचाच होता. त्याचं उत्तर नियमात आहे. 'थर्ड पार्टी विमा'. मोटार वाहन कायद्यातल्या विम्याच्या तरतुदी ड्रोनलाही लागू केल्या आहेत, सूट फक्त नॅनोला. म्हणजे गटाने ड्रोन घेताना आणि दरवर्षी नव्याने ही पॉलिसी काढायची. ती गटाच्या नावावर आहे ना, तारीख संपली नाही ना, आणि फवारणीच्या कामाला ती चालते असं त्यात लिहिलंय ना, एवढं सचिवाने वाचायचं. पॉलिसीची झेरॉक्स ड्रोनच्या पेटीतच ठेवायची, यूआयएनच्या कागदासोबत. आजींनी ते दोनदा म्हणून पाहिलं, थर्ड पार्टी, थर्ड पार्टी, आणि मग शेजारणीला म्हणाल्या, "लिहून घे वं, मले राह्यत नाही ध्यानात."